गिटारच्या पाठीला सहा भोकं: कशासाठी, कशी आणि कधी नको

जुनी इलेक्ट्रिक गिटार विकायला काढणारे लोक जाहिरातीत तीन शब्द हमखास टाकतात: ‘स्ट्रिंग थ्रू बॉडी’. सेकंडहँड स्कूटरच्या जाहिरातीत ‘सिंगल हँड यूज’ लिहितात, तोच थाट. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की हे काहीतरी भारी आहे आणि आपल्या गिटारला ते नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतला अकरावीचा मुलगा त्याची टेलिकास्टर ढंगाची स्वस्तातली गिटार घेऊन आला. म्हणाला, “काका, तारा बॉडीतून आरपार घालायला हिला मागून भोकं पाडून द्या ना. सस्टेन डबल होतो म्हणे.” सस्टेन म्हणजे एकदा छेडलेला सूर किती वेळ टिकतो ते. माझ्याकडे ड्रिल आहे हे त्याला ठाऊक होतं. अशीच भोकं पाडून मी एकदा एका गिटारची पाठ विद्रूप केली आहे आणि ती बॉडी अजून माळ्यावर आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा आधी बसून बोललो. ते बोलणं इथे थोडं नीट मांडतो.

तार नेमकी कुठे बांधलेली असते?

तंबोरा डोळ्यांसमोर आणा. तार वरच्या खुंटीपासून निघते, दांडीवरून खाली येते, घोडीवर टेकते आणि घोडी ओलांडून भोपळ्याच्या तळाशी लंगोटाला जाऊन अडकते. घोडीच्या अलीकडचा लांब भाग वाजतो, पलीकडचा छोटा भाग गप्प बसतो. पण तो निरुद्योगी नाही. त्याच भागात मणी ओवलेले असतात आणि सूर केसभर उतरलेला असला की गवई मणी जरासा सरकवून तो जागेवर आणतो. म्हणजे तार एकच आहे, घोडीच्या पलीकडे काही घडलं तर अलीकडे कळतं. हा मणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये घोडीला ब्रिज म्हणतात. त्यावर प्रत्येक तारेसाठी वरखाली आणि मागेपुढे होणारा धातूचा तुकडा असतो, तो सॅडल. तारेच्या शेवटाला पितळेची बारीक गोळी असते. ही गोळी कुठे अडकवायची, एवढाच या सगळ्या चर्चेचा विषय.

एक पद्धत म्हणजे गोळी ब्रिजच्या पत्र्याच्याच मागच्या कडेत अडकवायची. याला टॉप-लोड म्हणतात, कारण तार वरून भरली जाते. दुसरी पद्धत म्हणजे लाकडी बॉडीला आरपार भोकं पाडून तार पाठीकडून आत घालायची, पुढून ब्रिजमधून वर काढायची आणि सॅडलवरून खुंटीकडे न्यायची. ही थ्रू-बॉडी. यात पाठीवर सहा चकचकीत टिकल्या दिसतात, त्या फेरूल. काठीच्या टोकाला धातूची टोपी बसवतात तशीच ही छोटी टोपी, मधोमध भोक असलेली. तार भोकातून जाते, गोळी अडकते. फेरूल नसती तर गोळी हळूहळू मऊ लाकडात रुतत गेली असती.

या पद्धतीचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचं. फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. आधी एस्क्वायर, मग ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीच्या ढोलांचं नाव त्याच उच्चाराचं असल्याने १९५१ मध्ये ब्रॉडकास्टरची टेलिकास्टर झाली. फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत, त्यांचा मूळ धंदा रेडिओदुरुस्तीचा. त्यांच्या गिटारकडे पाहिलं की ते जाणवतं: स्क्रूने जोडलेली मान, सपाट फळी, सुटे होणारे भाग. तारा पाठीकडून. मात्र १९५८च्या अखेरीपासून साधारण वर्षभर त्याच कंपनीने काही टेलिकास्टर टॉप-लोड केल्या आणि नंतर पुन्हा जुन्या पद्धतीवर आली.

तिकडे गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन गिटार कंपनीने १९५८च्या फ्लाइंग व्ही या बाणाच्या आकाराच्या गिटारमध्ये तारा बॉडीतूनच काढल्या होत्या. तेव्हा ही काही एकाच घराण्याची गायकी नव्हे.

तारेचा ताण वाढतो का?

नाही. पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

सूर कोणता निघेल हे तीन गोष्टी ठरवतात: वाजणाऱ्या भागाची लांबी, तारेचं दर मीटरचं वजन आणि ताण. हा नियम फ्रान्समधल्या मारँ मेर्सेन यांनी १६३०च्या दशकात मांडला, गिटारला वीज लागायच्या तीनशे वर्षं आधी. फेंडर पद्धतीच्या गिटारवर नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतचं अंतर ६४८ मिलिमीटर असतं. तार तीच, अंतर तेच आणि सूर तोच हवा असेल तर ताणही तोच लागणार. १० नंबरची सगळ्यात बारीक तार वरच्या ई सुराला आणायला सव्वासात ते साडेसात किलोची ओढ लागते. १० ते ४६ च्या नेहमीच्या सेटमध्ये सहा तारांची मिळून साधारण ४७ किलो. गोळी पत्र्यात अडकवा, बॉडीत अडकवा किंवा शेजारच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवा, सुरात आणल्यावर आकडा हाच राहणार.

गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीचं उदाहरण घ्या. दोरी खिळ्याला बांधली किंवा खिळ्यावरून पुढे नेऊन मागच्या खांबाला बांधली, तरी मधली दोरी तेवढीच घट्ट करायची असेल तर तेवढंच ओढावं लागतं. शेपूट लांब झालं म्हणून ती आपोआप जास्त ताणली जात नाही.

“पण मला तर थ्रू-बॉडी गिटारवर तारा कडक लागतात!” असं लगेच कुणीतरी म्हणतं. खरं आहे. त्याचं कारण वेगळं आहे, त्याकडे येतोच.

मग बदलतं ते काय?

बदलतो तो वळणाचा कोन. तार सॅडलवरून किती तीव्रपणे खाली वळते, तो कोन.

विहिरीवरची कप्पी आठवा. दोर कप्पीवरून जवळजवळ सरळ गेला असेल तर कप्पीवर भार नगण्य. तोच दोर कप्पीवरून खाली वळला की कप्पीचा आस करकरतो. दोराची ओढ तीच, पण वळण जितकं तीव्र तितका कप्पीवर दाब जास्त. सॅडल म्हणजे कप्पी.

त्या मुलाच्या गिटारवर आम्ही मोजलं. टॉप-लोडमध्ये तार मागच्या कडेपासून सॅडलवर चढायची ती फार तर ८ अंशांत. ४७ किलोच्या ओढीतून सहाही सॅडलवर मिळून खालचा दाब साडेसहा किलोच्या आसपास. तीच तार सॅडलच्या जरा मागे असलेल्या भोकातून वर आली तर कोन ४० अंशांपर्यंत जातो आणि दाब तीस किलोवर. ताण न वाढता दाब साडेचार पट.

हा दाब कमी पडला की त्रास होतो. जोरात छेडलं तर तार सॅडलच्या खाचेतून आडवी सरकते. सॅडलचे बारीक स्क्रू झणझणतात. तार सॅडलवर घट्ट बसलेली नसल्याने सुरात सतारीसारखी खरखर मिसळते. सतारीत ती जवारी म्हणून मुद्दाम आणतात, इथे ती नको असते. दाब पुरेसा झाला की हे सगळं जातं. थ्रू-बॉडीचा खरा, हाताला आणि कानाला कळणारा फायदा हाच. पण ज्या गिटारचा कोन आधीच ठीक आहे तिला आणखी भोकं पाडून यातलं काही मिळत नाही. पोट भरलेल्याला दुसरं ताट वाढल्यासारखं.

आणखी एक गैरसमज. ब्रिजचे स्क्रू ढिले झालेले लोक म्हणतात, “तारा बॉडीत अडकवल्या की स्क्रूवरची ओढ संपली.” संपत नाही. तारा खुंट्यांच्या दिशेने ४७ किलोनेच ओढतात आणि सॅडल व भोकाची कड यांच्यामार्फत ती आडवी ओढ पत्र्यावर येतेच. फरक वेगळा आहे. टॉप-लोडमध्ये तारा पत्र्याची मागची कड उचलू पाहतात. थ्रू-बॉडीमध्ये त्याच तारा पत्र्याला लाकडावर दाबून धरतात, जणू सहा शिकंजे. कड उचलली जात असेल तर हा उपाय आहे. पत्रा पुढे सरकत असेल, तर स्क्रूची भोकं बुजवून नव्याने पाडणं हेच करावं लागेल.

बेंड करताना कडक लागतं की मऊ?

बेंड म्हणजे बोटाने तार आडवी ढकलून सूर चढवणं, आपल्या मींडेचा धाकटा भाऊ. इथे तंबोऱ्याचा मणी परत येतो.

तुम्ही तार ढकलता तेव्हा ताण वाढतो आणि तार किंचित लांबते. ही लांबी फक्त वाजणाऱ्या भागातून येत नाही. सॅडलच्या मागचा आणि नटच्या पुढचा तुकडाही थोडा सरकून हातभार लावतो. थ्रू-बॉडीत मागचा तुकडा साडेतीन-चार सेंटिमीटरने वाढतो. लांब रबर ओढायला सोपं असतं, म्हणजे तार मऊ लागायला हवी. पण दुसरीकडे वळण तीव्र झाल्याने सॅडलवरचं घर्षण वाढतं, मागचा तुकडा अडकून पडतो, मदतीला येत नाही. म्हणजे तार कडक लागायला हवी.

दोन परिणाम विरुद्ध दिशेने ओढतात. कुठला जिंकतो हे सॅडलच्या धातूवर, खाचेच्या गुळगुळीतपणावर आणि कोनावर अवलंबून. बहुतेक वादकांचा अनुभव टॉप-लोड मऊ असल्याचा आहे, म्हणजे घर्षण जिंकतं. पण एखाद्याने नेमकं उलटं सांगितलं तर त्याला वेड्यात काढू नका.

आणि सस्टेन?

आता मूळ प्रश्न. नेहमी सांगितलं जाणारं कारण असं: तारा बॉडीतून गेल्या की कंपनं लाकडात जास्त उतरतात, म्हणून सूर जास्त टिकतो. ऐकायला झकास वाटतं. पण हे वाक्य स्वतःच्याच पायात पाय घालतं.

तंबोऱ्यात किंवा साध्या अकूस्टिक गिटारमध्ये तारेची शक्ती लाकडात उतरली तरच आवाज होतो, कारण हवा हलवायचं काम भोपळा आणि तबली करतात. इलेक्ट्रिक गिटारमध्ये आवाज पिकअप उचलतो. पिकअप म्हणजे तारेखाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. ते पाहतं तारेकडे. तारेतली शक्ती लाकडात उतरली तर ती तारेतून गेली, म्हणजे सूर लवकर विझला. सस्टेन हवा असेल तर तारेची दोन्ही टोकं इतकी पक्की हवीत की शक्ती कुठे झिरपूच नये. माठाला बारीक चीर गेली की पाणी भिंतीत जास्त उतरतं, म्हणून कुणी माठ जास्त वेळ भरलेला राहतो असं म्हणत नाही.

मग ज्यांनी भोकं पाडून घेतली त्यांना फरक ऐकू येतो तो खोटा का? सगळाच नव्हे. ज्यांचं सॅडल आधी झणझणत होतं, त्यांची गळती बंद झाली, सूर खरोखर जास्त टिकला. शिवाय या कामाबरोबर माणूस नव्या तारा घालतो, बऱ्याचदा नवा जाड ब्रिज बसवतो, गिटार पुसून-घासून सुरात आणतो. आठवडाभराने ती छान वाजते. श्रेय सहा भोकांना जातं. माझं मत विचाराल तर कोन आधीच ठीक असलेल्या गिटारवर, डोळे मिटून, आवाजावरून मला दोन्ही पद्धती वेगळ्या ओळखता आलेल्या नाहीत.

“मग फेंडर कंपनी पुन्हा थ्रू-बॉडीकडे का वळली?” असं तो मुलगा म्हणाला, आणि प्रश्न रास्त होता. वर सांगितलेला कोन हे पुरेसं कारण आहे. चपट्या पत्र्याच्या ब्रिजवर चांगला कोन मिळवण्याचा तो सोपा मार्ग आहे, आणि कारखान्यात एकदा साचा बनवला की सहा भोकं ही मिनिटांची बाब. घरी तसं नसतं.

भोकं पाडण्याआधी पाच मिनिटांचा प्रयोग

गिटारची मान चार स्क्रूंनी लावलेली असेल तर ती काढा. मानेच्या खाचेत, बॉडीच्या आतल्या टोकाला, ब्रिजच्या बाजूला, व्हिजिटिंग कार्डाची एक पट्टी ठेवा आणि मान परत लावा. ही पाचर मानेला किंचित मागे झुकवते. त्यामुळे तारा खेळत्या उंचीवर ठेवायला सॅडल वर करावे लागतात. सॅडल वर गेले की कोन वाढतो. लाकडाचा एक कणही न काढता.

त्या मुलाच्या गिटारची खरखर एवढ्यानेच सत्तर टक्के गेली. (हा टक्का माझ्या कानाचा, यंत्राचा नव्हे.) तो थोडा हिरमुसला, कारण त्याला भोकं हवीच होती. जाड तार जोरात छेडल्यावर अजूनही खाचेतून निसटत होती, आणि गिटार त्याची होती. ठरलं. अट एकच: आधी टाकाऊ फळीवर सराव.

तुमच्या गिटारला मागे हलणारा दांडा असेल, म्हणजे ट्रेमोलो, तर इथेच थांबा. १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरपासून चालत आलेल्या त्या रचनेत तारा पाठीकडूनच येतात, पण लाकडातून नव्हे तर स्प्रिंगांवर डोलणाऱ्या धातूच्या ठोकळ्यातून. तिथे बॉडीला भोक पाडायला जागाच नाही. मागे पोकळी आहे.

सहा सरळ भोकं: दिसतं तितकं सोपं नाही

बॉडीची जाडी साधारण ४५ मिलिमीटर. ड्रिल फक्त १ अंश कललं तर पलीकडे भोक ०.८ मिलिमीटर सरकून निघतं. २ अंश कललं तर दीड मिलिमीटरपेक्षा जास्त. हातात धरलेलं ड्रिल २ अंश कलणं म्हणजे काहीच नाही, शिंक आली तरी कलतं. आता तारांमधलं अंतर बघा: जुन्या मापात १०.८ मिलिमीटर, नव्या मापात १०.५. फेरूल ८ मिलिमीटरची असेल तर दोन फेरूलमध्ये जेमतेम अडीच मिलिमीटर लाकूड उरतं. जुन्या पद्धतीची साडेनऊ मिलिमीटरची टोपी घेतली तर त्याहून कमी. शेजारची दोन भोकं एकमेकांकडे कललेली असतील तर टोप्या एकमेकींना भिडतात. माझ्या माळ्यावरच्या बॉडीवर तिसरी आणि चौथी फेरूल अशीच गळ्यात गळे घालून बसली आहेत.

तेव्हा पहिला धडा: आरपार एका दमात पाडू नका. पुढून अर्धं, मागून अर्धं. समोरच्या बाजूची चूक ब्रिजचा पत्रा झाकतो, पाठीवरची चूक जगाला दिसते. दोन्ही बाजूंची तोंडं अचूक असतील तर मधल्या गाठीभेटीत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी तार वाकून निघून जाते, ती काही सळई नव्हे.

पण पाठीवरची जागा अचूक कशी सापडणार? यासाठी लाकडाच्या कारखान्यांत चालणारी एक युक्ती आहे, आणि तिच्यासाठी पिलर ड्रिल लागतं, म्हणजे खांबाला लावलेलं, सरळ खालीच येणारं ड्रिल. आम्ही एका ओळखीच्या सुतारकाकांच्या कारखान्यात गेलो.

ड्रिलच्या टेबलावर एक सपाट फळी शिकंज्याने पक्की आवळायची. तिच्यात त्याच ड्रिलने ३.२ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि त्यात त्याच मापाच्या जुन्या बिटचा गुळगुळीत दांडा उभा रोवायचा, चारेक मिलिमीटर वर डोकावेल असा. आता ही खुंटी ड्रिलच्या टोकाच्या बरोब्बर खाली आहे, मोजायची गरजच नाही, कारण तिचं भोक त्याच ड्रिलने पाडलंय. पुढून अर्धवट पाडलेलं भोक या खुंटीवर बसवायचं, म्हणजे पाठ वर येते आणि ड्रिल जिथे टेकेल तीच पाठीवरची अचूक जागा. सहा वेळा उचलायचं, सहा वेळा बसवायचं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माळ्यावरच्या बॉडीची फार आठवण आली.

पुढून खुणा करायला ब्रिजचा पत्रा हाच साचा. जुन्या पत्र्याला तारांची भोकं नसतील तर नवा घ्यावा लागतो, आणि तो घेताना तीन मापं जुळायला हवीत: स्क्रूंच्या जागा, तारांमधलं अंतर आणि सॅडलची जागा. सॅडल पुढेमागे झालं तर ६४८चा हिशेब बिघडतो आणि वरच्या पट्टीत गिटार कायमची बेसुरी होते. पत्रा स्क्रूने लावून टोच्याने प्रत्येक भोकाच्या मध्यावर खूण करायची, मग पत्रा काढून ठेवायचा. पत्र्यातूनच ड्रिल चालवायचा मोह टाळा, पत्रा कुरतडला जातो.

त्याआधी मागची पोकळी तपासा. पोटेन्शिओमीटर (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग) आणि वायरींसाठीची खोबण पाठीकडून कोरलेली असेल तर ती भोकांच्या वाटेत येत नाही ना? पिकअपची खोबण ब्रिजच्या किती जवळ येते? पट्टी टाकून खोली मोजा आणि कागदावर काढा.

बिटबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. ३.२ मिलिमीटरच्या नेहमीच्या बिटची लांबी ६५ मिलिमीटर असली तरी भुसा बाहेर काढणाऱ्या खाचा ३६ मिलिमीटरपर्यंतच असतात. ४५ मिलिमीटर लाकडात तो एका दमात घातला तर भुसा आत कोंबला जातो, बिट तापतो, लाकूड जळल्याचा वास येतो आणि बिट मऊ रेषा शोधत वाकडा पळतो. प्लायवूडच्या बॉडीत तर थराथराला सरसाचा टणक पापुद्रा, तिथे तो आणखी भरकटतो. म्हणून सेंटिमीटरभर आत, बाहेर, फुंकर, परत आत.

पाठीकडून क्रम उलटा. आधी फेरूलचं मोठं उथळ भोक, मग मधलं बारीक. मोठ्या भोकासाठी मधे टोक असलेला चपटा बिट लागतो, त्या टोकाला धरायला मध्यभागी अखंड लाकूड हवं. बारीक भोक आधी पाडलं तर टोक अधांतरी फिरतं आणि कड फाटते. रंगाचा थर जाड, काचेसारखा असेल तर त्याचा टवका उडतो. त्यावर चिकटपट्टी लावायची आणि आधी ड्रिल उलटं फिरवून रंगाचा थर घासून काढायचा, लाकूड दिसलं की मग सुलटं. आमच्याकडे पाच भोकं स्वच्छ निघाली. सहाव्याला मुलाने चहा आला म्हणून घाई केली आणि तांदळाच्या दाण्याएवढा टवका गेला. फेरूलच्या काठाखाली झाकला गेला, नशीब.

फेरूलचं माप पाकिटावर वाचू नका, व्हर्नियरने मोजा. भोक टोपीपेक्षा ०.१ मिलिमीटर लहान असलं तर ती दाबून घट्ट बसते. टाकाऊ फळीवर एक बसवून बघा. आणि हातोडी नको. लाकडाचा तुकडा मधे ठेवून शिकंज्याने हळूहळू आवळा.

शेवटी ब्रिजच्या पत्र्यातल्या भोकांच्या कडा. त्या धारदार असतील तर तीव्र वळणावर तार तिथेच तुटते, दर दोन आठवड्यांनी, नेमक्या त्याच जागी. मोठा बिट हाताने दोन फेरे फिरवून कड मोडली की झालं.

उंच ब्रिज असलेल्या गिटारचं काय?

लेस पॉल (गिब्सनची गाजलेली गिटार) ढंगाच्या गिटारवर ट्यून-ओ-मॅटिक नावाचा दोन खांबांवर उभा ब्रिज असतो. गिब्सनने तो १९५४ मध्ये आणला. त्याच्या मागे तारा अडकवायला वेगळा आडवा दांडा असतो. शेक्टर, ईएसपीसारख्या कंपन्यांच्या कित्येक गिटारांत तो दांडा काढून तारा थेट बॉडीतून नेलेल्या दिसतात.

इथे अडचण उलटी आहे: कोन कमी नव्हे, जास्त होण्याची भीती. ब्रिज १६ मिलिमीटर उंच धरला आणि भोकं २५ मिलिमीटर मागे पाडली तर कोन ३२-३३ अंश होतो. ६० मिलिमीटर मागे नेली तर १५. फार जवळ पाडली तर तार ब्रिजच्या मागच्या कडेला घासते आणि सततच्या दाबाने ब्रिज खांबांवर पुढे कलू लागतो. शिवाय इथे समोरचा भाग झाकायला पत्रा नाही, म्हणजे पुढूनही फेरूल हव्यात आणि पुढची चूकही दिसणार. तुमचा दांडा नीट काम करत असेल तर त्याला राहू द्या.

बेस गिटारवाल्यांनी आणखी एक बघावं. जाड तारांवरचं चपटं वेटोळं तीव्र वळणावर फाटू शकतं, आणि काही तारा लांबीला कमी पडतात. पाकीट उघडण्याआधी वाचा.

अर्थिंगची एक वायर

हे शेवटी सांगतोय, पण विसरलात तर पहिल्याच दिवशी कळेल. गिटारच्या तारा विजेच्या दृष्टीने जमिनीला जोडलेल्या असतात. ब्रिजखाली एक बारीक वायर येते, ती ब्रिजला चिकटते, ब्रिज तारांना. म्हणूनच तारांना हात लावला की अँपमधली घूं कमी होते. नवा पत्रा बसवताना ती वायर त्याच्याखाली उघडी, दाबलेली राहील असं पाहायचं. ट्यून-ओ-मॅटिकमध्ये ही वायर बऱ्याचदा मागच्या दांड्याच्या खांबाला जोडलेली असते. तो दांडा काढलात तर वायर ब्रिजच्या खांबाकडे आणावी लागते, नाहीतर गिटार गुणगुणत बसते. मल्टिमीटरचं एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या भागाला लावा. पीं वाजलं की ठीक.

त्या मुलाच्या गिटारची जाड तार आता खाचेतून निसटत नाही. सस्टेन डबल झाला का, असं त्याला विचारलं तर तो हसतो आणि विषय बदलतो. महिन्याभराने त्याचा फोन आला: तारा बदलायला काढल्या आणि एक फेरूल गायब. हे होतंच. तारांच्या ओढीने फेरूल जागेवर धरलेल्या असतात. सगळ्या तारा एकदम काढून गिटार उलटी-सुलटी केली की सैल बसलेली एखादी निसटून पडते. म्हणून एकेक तार काढून लगेच नवी घालायची, किंवा पाठीवर चिकटपट्टीची एक पट्टी मारून मग सगळ्या काढायच्या. त्याची फेरूल दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली झाडू मारताना आईला सापडली. तिला वाटलं शर्टाचं बटण आहे, डब्यात टाकून दिलं होतं.